ओक पाडणाऱ्या संताची कागदपत्रं: बोनिफेसचं मिशन प्रत्यक्षात कसं चाललं

संत बोनिफेसच्या पुतळ्यात बहुधा दोनपैकी एक गोष्ट असते: कुऱ्हाड, नाहीतर तलवार आरपार गेलेलं पुस्तक. कुऱ्हाडीचा प्रसंग इ.स. ७२३ च्या सुमाराचा, पुस्तकाचा ७५४ चा. मधल्या तीस वर्षांत हा माणूस आजच्या जर्मनीत नेमकं काय करत होता, हे पुतळ्यावरून कळत नाही. ते कळतं पत्रांवरून. बोनिफेसने लिहिलेली, त्याला आलेली आणि त्याचा वारस लुल याच्या काळातली अशी सगळी मिळून सुमारे दीडशे पत्रं टिकली आहेत. आठव्या शतकातल्या मिशनरीच्या कामाचा एवढा कागदोपत्री पुरावा क्वचितच सापडतो.

ही पत्रं ओळीने वाचली तर एक गोष्ट लपत नाही. बोनिफेसला सर्वांत जास्त त्रास वृक्षपूजकांनी दिलेला नाही. त्याचं आयुष्य गेलं ते आधीच बाप्तिस्मा झालेल्या लोकांशी, त्यांच्या धर्मगुरूंशी आणि बिशपांशी झगडण्यात.

दुसरं साधन म्हणजे विलिबाल्ड नावाच्या धर्मगुरूने लिहिलेलं चरित्र. बोनिफेसच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांच्या आत, जर्मनीतल्या माइन्झ शहरात ते लिहिलं गेलं. इथे नावाचा घोळ हमखास होतो. बोनिफेसचा एक नातेवाईकही विलिबाल्डच होता. तो जेरुसलेमपर्यंत जाऊन आला होता आणि पुढे आइश्टेटचा बिशप झाला. चरित्रकार तो नव्हे. शिवाय संतचरित्राला चमत्कार लागतात आणि नायक चुकत नाही. पत्रांत मात्र बोनिफेस चुकतो, वैतागतो आणि पोपकडून बोलणीही खातो. दोन्हींत फरक दिसला तर पत्राच्या बाजूने जावं.

पहिली मोहीम का फसली

मूळ नाव विनफ्रिथ. जन्म ६७५ च्या आसपास, इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडच्या वेसेक्स राज्यात. परंपरेने डेव्हनमधलं क्रेडिटन हे जन्मगाव मानतात. लहानपणीच तो एक्सेटरच्या मठात गेला आणि पुढे साउथॅम्प्टनजवळच्या नर्सलिंग मठात शिकवू लागला. लॅटिनचं एक व्याकरणही त्याने लिहिलं. हे व्याकरण लक्षात असू द्या, कारण पुढे त्याचं एक भांडण अशुद्ध लॅटिनवरूनच होणार आहे.

७१६ मध्ये, चाळिशी गाठल्यावर, तो लंडनहून जहाजाने डोरेस्टाट बंदरात उतरला. हे फ्रिजियन लोकांचं मोठं व्यापारी बंदर, आजच्या नेदरलँड्समध्ये. त्याची वेळ साफ चुकली होती. फ्रिजियन राजा राडबोड आणि फ्रँकांचा (आजच्या फ्रान्स आणि जर्मनीच्या काही भागांवर राज्य असलेल्या लोकांचा) सेनानी चार्ल्स मार्टेल यांचं युद्ध पेटलेलं होतं. त्या प्रदेशातली चर्चेस फ्रँकांच्या आश्रयाने उभी राहिली होती, त्यामुळे राडबोडने ती आधी पाडली. फ्रिजियन माणसाच्या दृष्टीने ख्रिस्ती होणं म्हणजे शत्रूच्या पक्षाला जाणं. विनफ्रिथ राजाला भेटला, बोलला आणि त्याच वर्षी घरी परतला.

नर्सलिंगचा मठाधिपती वारला, तेव्हा विनफ्रिथलाच ते पद देऊ केलं गेलं. त्याने ते नाकारलं आणि ७१८ मध्ये पुन्हा समुद्र ओलांडला. इंग्लंडला तो परत कधीच गेला नाही. या खेपेला मात्र तो आधी कागद जमवायला निघाला.

तीन कागद

पहिला कागद घरच्या बिशपचा. विंचेस्टरचा बिशप डॅनियल याने एक खुलं पत्र दिलं: वाटेतल्या राजांनी, बिशपांनी, मठाधिपतींनी या माणसाला आसरा द्यावा. अनोळखी परदेशी साधू हा भामटा समजला जाण्याचा तो काळ होता, त्यामुळे अशा पत्राशिवाय आल्प्स ओलांडणं अवघड होतं.

दुसरा कागद पोपचा. १५ मे ७१९ रोजी पोप दुसरा ग्रेगरी याने त्याला धर्मप्रसाराचा अधिकार दिला आणि बोनिफेस हे नाव दिलं. आदल्या दिवशी, १४ मे रोजी, रोममध्ये त्याच नावाच्या एका जुन्या हुतात्म्याचा सण असे. त्यामुळे टार्ससचा बोनिफेस वेगळा, हा बोनिफेस वेगळा, आणि बोनिफेस नावाचे पोप आणखी वेगळे.

७२२ मध्ये पोपने त्याला पुन्हा रोमला बोलावलं आणि त्याच्या श्रद्धेची तोंडी परीक्षा घ्यायला सुरुवात केली. लॅटिन व्याकरण लिहिलेल्या या माणसाने विनंती केली की मला उत्तर लिहून देऊ द्या. रोममध्ये बोललं जाणारं लॅटिन पुस्तकातल्या लॅटिनपासून बरंच सरकलं होतं, आणि विषय असा की एक शब्द इकडचा तिकडे झाला तर पाखंडाचा ठपका यायचा. लेखी उत्तर पसंत पडलं. ३० नोव्हेंबरला त्याला बिशपपदाची दीक्षा मिळाली. त्या वेळी त्याने पोपशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतली. रोमच्या आसपासचे बिशप घ्यायचे तीच ही शपथ, फक्त बायझंटाइन सम्राटाशी निष्ठेचा भाग वगळलेला. ऱ्हाइनपलीकडच्या बिशपने रोमशी इतकं थेट बांधून घेणं नवीन होतं. पुढच्या सगळ्या भांडणांत तो वारंवार पोपकडे धाव घेतो, त्याचं मूळ इथे आहे.

तिसरा कागद चार्ल्स मार्टेलचा: हा बिशप माझ्या संरक्षणाखाली आहे, त्याला कोणी हात लावू नये. भाविक चरित्रांत हा कागद मागच्या बाकावर बसवला जातो. स्वतः बोनिफेसने तसं केलेलं नाही. म्हातारपणी डॅनियलला लिहिलेल्या पत्रात तो सरळ कबूल करतो की फ्रँक राजाच्या आश्रयाशिवाय मला लोकांना वळण लावता येत नाही, धर्मगुरू आणि धर्मभगिनींचं रक्षण करता येत नाही, आणि राजाचा हुकूम आणि धाक नसेल तर मूर्तिपूजाही थांबवता येत नाही. पण हा आश्रय घ्यायचा म्हणजे त्याच दरबारात ऊठबस असलेल्या दुराचारी धर्मगुरूंशीही गाठ पडणार, आणि त्याचीच त्याला टोचणी लागली होती. त्याच पत्रात तो त्याबद्दल सल्ला मागतो.

लोकांशी बोलायचं कसं

इंग्लिश मिशनऱ्यांना एक आयता फायदा होता. त्यांची बोली आणि फ्रिजियन, सॅक्सन लोकांच्या बोली एकमेकींच्या जवळच्या होत्या. ट्रीअरजवळच्या फाल्झेल मठातला एक प्रसंग या संदर्भात सांगितला जातो. जेवणाच्या वेळी मठाधिपतीणबाईंचा चौदा-पंधरा वर्षांचा नातू ग्रेगरी लॅटिन धर्मग्रंथ वाचून दाखवत होता. बोनिफेस म्हणाला, छान वाचतोस, आता तुझ्या भाषेत अर्थ सांग. पोरगा अडखळला. मग बोनिफेसने तो उतारा तिथल्या बोलीत समजावून सांगितला. ग्रेगरीने हट्टच धरला की मी यांच्याबरोबर जाणार. आजीने नाही म्हणून पाहिलं, शेवटी घोडे आणि नोकर देऊन पाठवलं. हाच ग्रेगरी पुढे उट्रेक्टच्या चर्चचा कारभार पाहू लागला.

वाद कसा घालावा याबद्दल डॅनियलचं एक पत्र आहे, आणि ते आजही वाचनीय आहे. त्याचा सल्ला असा: त्यांच्या देवांची वंशावळ खोडून काढायला जाऊ नकोस. देव आईबापांपासून जन्मले असं ते म्हणतात ना, म्हणू दे. मग विचार, जे जन्मले ते कधीतरी नव्हते. मग त्याआधी जग कोण चालवत होतं? जगाला सुरुवात होती की नव्हती? देव अजूनही मुलं जन्माला घालतात का? घालत नसतील तर का थांबले? हे सगळं हळूहळू, शांतपणे, खिजवल्यासारखं न करता विचारायचं. समोरचा चिडला की संपलं. तो खजील व्हायला हवा. याच पत्रात डॅनियल आणखी एक मुद्दा सुचवतो, तो मात्र पटण्यासारखा नाही: द्राक्षं आणि तेल पिकणारा सुपीक मुलूख ख्रिस्ती लोकांकडे आहे आणि गारठलेला मुलूख तुमच्या देवांनी तुम्हाला ठेवला आहे, हे त्यांना दाखवून दे. अरबांनी स्पेन जिंकून दहा-बारा वर्षं झाली असताना हे लिहिलेलं आहे.

बाप्तिस्म्याच्या वेळी काय वदवून घ्यायचे, याचा एक नमुना जुन्या सॅक्सन भाषेत टिकला आहे. त्यात सैतानाला सोडतोस का, या प्रश्नापाठोपाठ थुनेर, वोडेन आणि सॅक्सनोट या तीन देवांची नावं घेऊन त्यांचा त्याग करायला लावला आहे. मोघम 'खोटे देव' म्हटलं तर प्रत्येक जण आपला देव त्यातून वगळणार, म्हणून नावं.

ओकचा प्रसंग

जागा गाइस्मार, हेसमधल्या आजच्या फ्रिट्झलारजवळ. साल ७२३ किंवा ७२४. देवाला वाहिलेला एक प्रचंड ओक तिथे होता. विलिबाल्ड त्याला 'जुपिटरचा ओक' म्हणतो. हे लॅटिन लेखकाचं भाषांतर, मूळ देव गडगडाटाचा डोनार. विलिबाल्डच्या म्हणण्यानुसार बोनिफेसने घाव घातला, थोडीशीच खाच पडली आणि वरून जोराचा वारा येऊन झाड कोसळलं, त्याचे चार सारखे तुकडे झाले. शिव्याशाप देणारे लोक ते पाहून वळले. त्याच लाकडातून संत पीटरच्या नावाने प्रार्थनामंदिर बांधलं गेलं.

वाऱ्याबद्दल ज्याला जे मानायचं ते मानावं. बाकी तपशील मात्र नीट पाहण्यासारखे आहेत. पहिला: जवळच एडर नदीच्या पलीकडे ब्युराबुर्ग ही फ्रँकांची तटबंदी होती. चार्ल्सचं संरक्षणपत्र नुकतंच मिळालेलं. झाडावर कुऱ्हाड चालवणाऱ्या माणसामागे कोण उभं आहे हे जमलेल्यांना माहीत होतं. दुसरा: हेसमधले लोक कोरी पाटी नव्हते. काहींचा बाप्तिस्मा होऊन दृढीकरणही (बाप्तिस्मा पक्का करणारा विधी) झालेलं होतं, काही चोरून आणि काही उघडपणे झाडांना आणि झऱ्यांना नैवेद्य दाखवत. आमोनेबुर्गचे डेटिक आणि डेओरुल्फ हे दोन भाऊ नावाचे ख्रिस्ती असूनही मूर्तिपूजा करत होते, असं विलिबाल्डच सांगतो. घाव या दुहेरी कारभारावर होता. डोनार आपल्या झाडाचं रक्षण करतो का, याची जाहीर परीक्षा झाली आणि देव काही आला नाही. तिसरा: लाकूड वाया घालवलं नाही. जागा तीच, लाकूड तेच, पूजा दुसरी.

ओक पडला, त्याच्या मुळाशी सूचिपर्णी रोप उगवलं आणि तेच पहिलं ख्रिसमस ट्री, ही गोष्ट डिसेंबरात सगळीकडे फिरते. विलिबाल्डच्या चरित्रात तिचा मागमूस नाही.

पोपला विचारलेले प्रश्न

खरं मिशन सुरू झालं ते झाड पडल्यावर. आता या माणसांनी जगायचं कसं? बोनिफेस प्रश्नांच्या याद्या रोमला पाठवत राहिला आणि तीन पोपांकडून उत्तरं येत राहिली. २२ नोव्हेंबर ७२६ च्या पत्रात दुसरा ग्रेगरी सांगतो की कुष्ठरोग्याला कम्युनियन (चर्चमधला भाकरी-द्राक्षरसाचा प्रसाद) द्यावं, पण निरोग्यांच्या पंगतीत बसवू नये; मठात साथ आली तर पळून जाणं मूर्खपणाचं, कारण देवाच्या हातून कोणी सुटत नाही. तिसऱ्या ग्रेगरीने ७३२ च्या सुमारास घोड्याच्या मांसाला बंदी घातली: काही जण रानघोडे खातात आणि बरेचसे पाळीव घोडेही खातात असं तू लिहितोस, हे चालू देऊ नकोस. घोड्याचा बळी जर्मॅनिक पूजेत होता. पंगतीतून घोडा गेला की पूजेचा एक धागा तुटायचा, असं याचं कारण बहुतेक अभ्यासक देतात. त्याच पत्रात एक भयंकर गोष्ट आहे. काही ख्रिस्ती आपले गुलाम मूर्तिपूजकांना विकत, बळी देण्यासाठी. पोप म्हणतो, हा गुन्हा खुनासारखाच समज.

पोप झकारिया ७५१ मध्ये कावळे, करकोचे, बीव्हर आणि ससेही खाऊ नयेत असं लिहितो. बोनिफेसने आणखी विचारलं होतं, डुकराची चरबी किती दिवसांनी खावी? उत्तर: याबद्दल पूर्वसूरींनी काही सांगितलेलं नाही, पण तू विचारतोच आहेस म्हणून सांगतो, धुरावर धरल्याशिवाय किंवा विस्तवावर शिजवल्याशिवाय खाऊ नये, कच्चीच खायची असेल तर ईस्टरनंतर. पंचाहत्तरीला टेकलेला आर्चबिशप हे विचारतो आहे, यावर हसू येतं. पण घटकाभर विचार केला तर समजतं की नव्याने ख्रिस्ती झालेल्या गावातून खरोखर येणारे प्रश्न हेच असणार.

आता लॅटिनचं भांडण. बव्हेरियात एक अर्धशिक्षित धर्मगुरू बाप्तिस्मा देताना 'इन नोमिने पात्रिस एत फिलिई' म्हणजे पित्याच्या आणि पुत्राच्या नावाने, याऐवजी 'पात्रिया एत फिलिया' म्हणत होता. व्याकरणाने पाहिलं तर मायदेश आणि मुलगी. बोनिफेसने हुकूम सोडला की या सगळ्यांचा बाप्तिस्मा पुन्हा करा. व्हर्जिल नावाचा आयरिश मठाधिपती आणि सिडोनियस या दोघांनी परस्पर पोपला कळवलं. १ जुलै ७४६ ला झकारियाचं उत्तर आलं आणि ते बोनिफेसच्या विरुद्ध गेलं: त्या माणसाने पाखंड म्हणून नव्हे, केवळ अज्ञानाने असं म्हटलं असेल तर पुन्हा बाप्तिस्मा करता येणार नाही. पुढे बोनिफेसने याच व्हर्जिलवर पृथ्वीच्या खाली दुसरं जग आणि दुसरी माणसं आहेत असं शिकवल्याची तक्रार केली. व्हर्जिल मात्र साल्झबुर्गचा बिशप झाला, आणि कालांतराने संतही.

रोमची बाजूही त्याने सोडली नाही. ७४२ मध्ये त्याने नव्या पोपला लिहिलं की तुमच्या रोममध्ये, संत पीटरच्या चर्चजवळ, १ जानेवारीला लोक रस्त्यावर नाचतात, गातात, बायका हातापायांना गंडेदोरे बांधतात आणि ते विकायलाही ठेवतात. आमच्याकडचे अडाणी लोक ते पाहून येतात आणि म्हणतात, पोपसमोर चालतं, मग तू कोण अडवणारा? झकारियाने ते मान्य केलं आणि बंदी घातल्याचं कळवलं.

माणसं, पुस्तकं आणि भेटी

मनुष्यबळ आणि पुस्तकं इंग्लंडहून येत. लुल, बुर्खार्ड, विग्बर्ट आले. लिओबा, थेक्ला या धर्मभगिनी आल्या. टाउबरबिशोफ्सहाइम इथे लिओबाने चालवलेल्या मठातून पुढे इतर मठांना शिकवणाऱ्या स्त्रिया मिळाल्या. बोनिफेस तिला फार मान देत होता. आपल्या थडग्याशेजारी तिला पुरावं अशीही त्याची इच्छा होती.

मठाधिपतीण एडबुर्गा हिच्याकडे त्याने संत पीटरची पत्रं सोन्याच्या अक्षरांत लिहून मागितली, आणि त्यासाठी सोनं स्वतःच पाठवलं. कारणही दिलं: उपदेशाच्या वेळी समोर बसलेल्या संसारी माणसांच्या मनात ग्रंथाबद्दल आदर बसावा. ज्याला वाचता येत नाही त्यालाही झळाळी दिसते, हा हिशोब. याच्या उलट मागणी डॅनियलकडे केलेली. आपल्या जुन्या गुरूंचं संदेष्ट्यांच्या ग्रंथाचं हस्तलिखित त्याने मागितलं, ज्यात सहा पुस्तकं एकत्र, स्वच्छ सुट्या अक्षरांत लिहिलेली होती. कारण, तो म्हणतो, माझी नजर मंदावली आहे, बारीक आणि जोडून लिहिलेलं अक्षर मला आता दिसत नाही, आणि असं पुस्तक या मुलखात मिळत नाही.

भेटींची देवाणघेवाण सतत चाले. रोमहून मिरी आणि दालचिनी येई. मलबारच्या किनाऱ्याची मिरी हेसच्या जंगलापर्यंत पोचत होती ती अशी. यॉर्कच्या आर्चबिशपला त्याने वाइनची दोन छोटी पिंपं पाठवली. इंग्लंडमधल्या मर्सिया राज्याचा राजा एथेलबाल्ड याला एक ससाणा, दोन बहिरी ससाणे, दोन ढाली आणि दोन भाले गेले. याच राजाला नंतर बोनिफेस आणि इतर बिशपांनी मिळून व्यभिचाराबद्दल खरमरीत पत्र लिहिलं. आधी ससाणे, मग कानउघाडणी. दोन्हींना आपापली जागा.

बिशपांशी झुंज

७३२ मध्ये बोनिफेसला पॅलियम मिळालं. हा लोकरीचा पट्टा आर्चबिशपपदाची खूण, आणि तो असला की नवे बिशप नेमता येतात. बव्हेरियात ७३९ मध्ये त्याने साल्झबुर्ग, रेगेन्सबुर्ग, फ्रायझिंग आणि पासाऊ असे चार धर्मप्रांत आखून दिले. पुढे वुर्झबुर्ग, ब्युराबुर्ग आणि एरफुर्ट हे तीन झाले. पोपने मंजुरी देताना बजावलं की गाव फार छोटं असेल तर बिशपपदाची किंमत घसरते. शंका रास्त निघाली; ब्युराबुर्ग आणि एरफुर्ट हे धर्मप्रांत लवकरच माइन्झमध्ये विरले.

फ्रँक राज्यातली अवस्था त्याने ७४२ मध्ये झकारियाला कळवली. ऐंशीहून अधिक वर्षांत धर्मसभा भरलेली नाही, आर्चबिशप नाही, धर्मप्रांत लोभी संसारी माणसांच्या ताब्यात. रात्री चार-चार, पाच-पाच रखेली बाळगणारे डीकन (धर्मगुरूच्या खालच्या पायरीचे सेवक) सकाळी शुभवर्तमान वाचतात आणि बढती मिळत बिशपही होतात. चार्ल्स मार्टेलचा मुलगा कार्लोमान याच्या पाठबळाने २१ एप्रिल ७४२ रोजी (काहींच्या मते ७४३) धर्मसभा भरली. निर्णय असे: धर्मगुरूंनी शस्त्र धरू नये, कुत्रे आणि ससाणे घेऊन शिकारीला जाऊ नये, घरात स्त्री ठेवू नये, दर उपवासकाळात प्रत्येकाने आपल्या बिशपपुढे कामाचा हिशोब द्यावा, व्यभिचारी धर्मगुरूला फटके आणि दोन वर्षं कैद, भाकरी-पाण्यावर.

अडलं ते जमिनीवर. चर्चच्या जमिनी सैनिकांना वाटलेल्या होत्या आणि सॅक्सन, अरब सीमेवर असताना कुठलाही राजा त्या परत घेणार नव्हता. पुढच्या सभेत तडजोड निघाली: जमीन कसणाऱ्याकडेच राहील, पण दर कुळामागे वर्षाला एक सॉलिडस, म्हणजे बारा पेनी, चर्चला मिळतील.

विरोधक दोन प्रकारचे होते. एक आल्डेबर्टसारखे. येशूचं स्वर्गातून पडलेलं पत्र आपल्याकडे आहे असं तो सांगे, स्वतःची नखं आणि केस भक्तांना पवित्र अवशेष म्हणून वाटे आणि पापनिवेदनाला आलेल्यांना म्हणे, तुमची पापं मला माहीत आहेत, घरी जा. लोक बिशपांना सोडून त्याच्या शेतातल्या क्रुसापाशी जमत. ७४४ मध्ये सुआसाँला आणि ७४५ मध्ये रोमला त्याला दोषी ठरवलं गेलं. दुसरे गेविलिबसारखे घरंदाज. माइन्झच्या या बिशपने वडिलांच्या खुनाचा सूड स्वतःच्या हाताने घेतला होता, आणि त्याच्या वर्तुळात हे लाजेचं नव्हे तर कर्तव्याचं मानलं जाई. त्याला पायउतार व्हावं लागलं. बोनिफेसला कोलोनचं पीठ देण्याचं ठरलं होतं, ते स्थानिक विरोधाने हुकलं आणि त्याला हेच माइन्झ मिळालं. कार्लोमान ७४७ मध्ये राज्य सोडून मठवासी झाला आणि बोनिफेसचा मोठा आधार गेला.

फुल्डा, आणि शेवट

मठासाठी जागा शोधायला त्याने स्टुर्म या बव्हेरियन शिष्याला बुखोनियाच्या जंगलात पाठवलं. पहिली निवड हेर्सफेल्डची. ती बोनिफेसने सॅक्सन फार जवळ आहेत म्हणून फेटाळली. मग स्टुर्म गाढवावर बसून एकटाच नदीकाठाने वर गेला. रात्री तो झाडं तोडून गाढवाभोवती गोल कुंपण घाली, श्वापदांनी त्याला खाऊ नये म्हणून. स्वतः मात्र क्रुसाची खूण करून उघड्यावर झोपे. सापडलेली जागा कार्लोमानने चारी दिशांना चार-चार मैल जमिनीसह दिली. १२ मार्च ७४४ ला फुल्डा मठ सुरू झाला: मांस नाही, मद्य नाही, नोकर नाहीत. ७५१ मध्ये पोपने तो थेट आपल्या अखत्यारीत घेतला, म्हणजे कुठल्याही बिशपला तिथे हात घालता येणार नव्हता. बोनिफेसने पोपला कळवलं होतं की मला तिथेच पुरलं जायचं आहे.

७५२ मध्ये त्याने राजदरबारी विनवणी केली: मी गेल्यावर माझ्या माणसांकडे लक्ष द्या, ते जवळजवळ सगळे परदेशी आहेत, सीमेवरच्या धर्मगुरूंना भाकरी मिळते, पण कपडा मिळत नाही. मग लुलला माइन्झ सोपवून तो फ्रिजियाला निघाला, सदतीस वर्षांपूर्वी हात हलवत परतला होता तिथेच. सामानाच्या पेटीत पुस्तकांबरोबर एक तागाचं कापड ठेवायला त्याने लुलला सांगितलं, स्वतःच्या प्रेताला गुंडाळायला.

५ जून ७५४. डोक्कुमजवळ नव्या ख्रिस्ती लोकांना दृढीकरणासाठी बोलावलं होतं, सकाळी आली ती हत्यारबंद टोळी. नोकरांनी शस्त्रं उचलली, बोनिफेसने त्यांना थांबवलं. परंपरेनुसार त्याच्यासह पन्नासहून जास्त जण मारले गेले. पेट्यांत सोनं असेल या आशेने मारेकऱ्यांनी त्या पळवल्या, होडीतली वाइन प्यायले, वाटणीवरून आपसात कापाकापी केली आणि उरलेल्यांनी पेट्या उघडल्या तर आत पुस्तकं. ती दलदलीत फेकली गेली. विलिबाल्ड पुढे सांगतो की तीन दिवसांनी ख्रिस्ती टोळीने चाल करून सूड घेतला आणि बायकामुलांना गुलाम करून नेलं. ही ओळ बहुतेक धार्मिक पुस्तिकांत येत नाही.

फुल्डात राग्यिन्द्रुडिस नावाच्या स्त्रीसाठी बनलेलं एक हस्तलिखित आहे, त्यावर खोल घाव आहेत. बोनिफेसने डोक्यावर धरलेलं पुस्तक ते हेच, अशी परंपरा आहे. नंतरच्या एका चरित्रातली म्हातारी साक्षीदार शुभवर्तमानाचं पुस्तक म्हणते, आणि या हस्तलिखितात शुभवर्तमान नाही, धर्मशास्त्रीय लेख आहेत. घाव खरे आहेत. कोणाचे, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

प्रेतावरूनही वाद झाला. उट्रेक्टच्या लोकांना ते ठेवायचं होतं, मग माइन्झला लुलने अडवून पाहिलं, आणि शेवटी स्टुर्मने ते फुल्डाला नेलं. वाद तिथे मिटला नाही. संताची कबर जिथे, तिथे देणग्या आणि जमिनी येतात, आणि लुलला तो मठ आपल्या हाताखाली हवा होता. ७६३ मध्ये कार्लोमानचा भाऊ, फ्रँकांचा राजा पेपिन याने स्टुर्मला हद्दपार केलं. दोन वर्षांनी तो परतला आणि फुल्डा लुलच्या ताब्यातून सुटला. लुलने मग स्टुर्मची जुनी, नाकारलेली जागा निवडली, हेर्सफेल्डला स्वतःचा मठ उभारला आणि ७८६ मध्ये तो तिथेच पुरला गेला. बोनिफेसची पत्रं एकत्र ठेवली गेली ती मात्र याच लुलच्या माइन्झमध्ये.